अधिकार किती, आकडा किती

१८ एप्रिल २०२४ रोजी एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेत ऊर्जा आणि ‘नेट झिरो’ (निव्वळ शून्य उत्सर्जन) या विषयांच्या मंत्री मारी मॅकॅलन यांनी एक निवेदन केलं. २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९०च्या तुलनेत ७५ टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट आता गाठता येणार नाही, म्हणून कायदा बदलावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. हे उद्दिष्ट जाहीरनाम्यात लिहून विसरून जाण्यासारखं आश्वासन नव्हतं. २०१९च्या कायद्यात ते आकड्यानिशी नोंदलेलं होतं आणि त्या कायद्याच्या विरोधात संसदेत एकही मत पडलं नव्हतं. निवेदनानंतर आठवड्याभरात सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि ग्रीन पक्ष यांच्यातला सहकार्य करार मोडला आणि २९ एप्रिलला फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) हमझा युसुफ यांनी राजीनामा जाहीर केला. दोन पक्षांत इतरही मतभेद साचले होते, पण ठिणगी पडली ती या आकड्यामुळे. तेव्हापासून एक निष्कर्ष वारंवार ऐकू येतो: हवामानबदल हा देशांनी आणि आंतरराष्ट्रीय परिषदांनी हाताळायचा प्रश्न आहे, प्रांतांनी आपलं अंथरूण पाहून पाय पसरावेत. या प्रकरणात मला नेमकं उलट मांडायचं आहे. प्रांतिक सरकारं हवामानाच्या कामात मोठं पुढारपण करू शकतात आणि ब्रिटनमध्ये त्यांनी ते केलंही आहे. मात्र ते टिकलं तिथेच, जिथे सरकारने आपल्या हातात असलेला अधिकार वापरला. अधिकाराच्या फार पुढे आकडा धावला, तिथे ते कोसळलं. स्कॉटलंडच्या एकाच सरकारने या दोन्ही गोष्टी करून दाखवल्या, म्हणूनच हे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगं आहे.

आधी रचना समजून घ्यायला हवी. युनायटेड किंग्डम हे आपल्यासारखं संघराज्य नाही. तिथे राज्यांच्या अधिकारांना लेखी संविधानाचं कवच नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेने १९९८ साली कायदे करून स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्याकडे काही अधिकार सोपवले आणि तत्त्वतः ती संसद ते परतही घेऊ शकते. इंग्लंडला तर स्वतंत्र विधिमंडळच नाही. तरीही व्यवहारात ही व्यवस्था संघराज्यासारखीच चालते. स्कॉटलंडच्या कायद्यात लंडनने स्वतःकडे राखलेल्या विषयांची यादी आहे आणि त्या यादीत जे नाही ते सगळं एडिंबराचं. वीज, वायू, तेल, कोळसा, वाहनांचे दर्जे आणि बहुतेक कर लंडनकडे राहिले. जमीन, शेती, जंगलं, घरबांधणीचे नियम, स्थानिक वाहतूक, कचरा आणि बांधकाम परवानग्या एडिंबराकडे आल्या. पर्यावरण हा विषय राखीव यादीत नसल्याने तो आपोआप एडिंबराकडे गेला. १९९८ साली हवामानबदल हा काही राज्यकारभाराचा मोठा विषय नव्हता, त्यामुळे त्याची वाटणी कोणी ठरवून केलीच नाही. घर प्रांताच्या नियमांनी बांधायचं, पण त्यातल्या हीटरला लागणाऱ्या वायूचा आणि विजेचा भाव लंडनच्या धोरणाने ठरायचा, अशी ही व्यवस्था आहे. लोकसंख्येचंही भान ठेवू. स्कॉटलंड सुमारे ५५ लाखांचा, वेल्स ३१ लाखांचा आणि उत्तर आयर्लंड १९ लाखांचा. तिन्ही मिळूनही मुंबई शहराएवढी माणसं भरत नाहीत.

अधिकाराचं खरं मोल काय, हे पवनचक्क्यांच्या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. जून २०१५ मध्ये नव्याने निवडून आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने इंग्लंडमधल्या जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी परवानगीचे नियम असे काही बदलले, की स्थानिक आराखड्यात त्या जागेची आधीच नोंद हवी आणि तिथल्या रहिवाशांच्या हरकतींचं पूर्ण निरसन झालेलं हवं. कागदावर बंदी नव्हती. प्रत्यक्षात मात्र पुढची नऊ वर्षं इंग्लंडमध्ये नव्या पवनचक्क्या जवळजवळ उभ्याच राहिल्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आल्यावर तो अडसर निघाला. त्याच २०१५ साली लंडनने जमिनीवरच्या पवनऊर्जेचं अनुदानही ठरलेल्या मुदतीआधी बंद करण्याचं जाहीर केलं आणि त्याचा फटका स्कॉटलंडमधल्या प्रकल्पांनाही बसला, कारण अनुदान लंडनच्या हातात होतं. परवानगी मात्र एडिंबराच्या हातात होती. ती देणारं दार तिथे उघडं राहिलं, प्रकल्पांची रांग टिकली आणि पुढे केंद्राच्या लिलावांत जमिनीवरच्या पवनऊर्जेला पुन्हा स्थान मिळालं तेव्हा पुढे सरकायला तयार असलेले प्रकल्प बहुतांश स्कॉटलंडमध्येच होते. ग्लासगोच्या दक्षिणेला व्हाइटली इथे माळावर २१५ पवनचक्क्या आहेत. त्यांची एकत्रित क्षमता ५३९ मेगावॉट असून जमिनीवरचं इतकं मोठं पवनऊर्जा केंद्र ब्रिटनमध्ये दुसरं नाही. आज ब्रिटनच्या जमिनीवरच्या पवनऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा एकट्या स्कॉटलंडचा आहे. २०२० साली स्कॉटलंडमध्ये जेवढी वीज वापरली गेली तिच्या सुमारे ९७ टक्के एवढी नवीकरणीय वीज तिथे तयार झाली. वारा इंग्लंडच्या टेकड्यांवरही वाहतो. फरक परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या हाताचा होता. केंद्रात वारं फिरलं तरी धोरण पूर्ण बुडू नये, याची हमी विभागलेले अधिकार देतात. हवामानासारख्या तीस-चाळीस वर्षांच्या कामात ही हमी फार मोलाची आहे, कारण एवढ्या काळात लंडनमध्ये (किंवा दिल्लीत) सरकारं कितीतरी वेळा बदलणार. याच परवानगीच्या अधिकाराने स्कॉटलंडने नव्या अणुवीज केंद्रांना मात्र नकार दिला. कर्बमुक्त विजेची गरज पाहता तो निर्णय मला पटत नाही. पण अधिकार दिला, की तो आपल्या आवडीनेच वापरला जाईल असं गृहीत धरता येत नाही.

पुढारपणाचा दुसरा आणि कदाचित अधिक मोठा उपयोग म्हणजे एखादी गोष्ट करून दाखवणं. १ ऑक्टोबर २०११ पासून वेल्समध्ये दुकानातल्या एकदा वापरायच्या पिशवीला ५ पेन्स आकारणं सक्तीचं झालं. रक्कम क्षुल्लक होती. बदललं ते गल्ल्यावरचं वर्तन. तोवर सामान आपोआप पिशवीत जात असे. आता विक्रेत्याला विचारावं लागलं, ‘पिशवी हवी आहे का?’ आणि गिऱ्हाइकाला क्षणभर थांबून उत्तर द्यावं लागलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत वेल्समधला पिशव्यांचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. उत्तर आयर्लंडने २०१३ मध्ये हाच नियम आणला, स्कॉटलंडने २०१४ मध्ये. इंग्लंडमध्ये मात्र दुकानदारांवर बोजा, गरिबांवर कर, नोकरशाहीची कटकट या हरकती वर्षानुवर्षं चालू होत्या. २०१४ साली तिथल्या सात मोठ्या सुपरमार्केटांनी मिळून ७६० कोटी पिशव्या वाटल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये इंग्लंडने अखेर वेल्सचा नियम स्वीकारला आणि हा आकडा झपाट्याने ८० टक्क्यांहून अधिक घटला. पिशव्या म्हणजे हवामानाच्या हिशेबातली चिल्लर, हे मान्यच आहे. पण इंग्लंडच्या मंत्र्यांना घाबरवणाऱ्या शंकांची उत्तरं शेजारच्या प्रांतातल्या चार वर्षांच्या अनुभवाने आधीच देऊन टाकली होती. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, १९७७ साली तिचा कायदा केला आणि जवळजवळ तीन दशकांनी, २००५ मध्ये, देशाने तोच विचार राष्ट्रीय कायद्यात आणला. दिल्लीला धीर आला तो महाराष्ट्राच्या खडी फोडणाऱ्या हातांच्या हजेरीपटांमुळे. हवामानाच्या कायद्यांतही हेच घडलं. ब्रिटनचा हवामान कायदा २००८चा. २००९ साली स्कॉटलंडने स्वतःचा कायदा एकमताने मंजूर केला आणि त्यात आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं यांच्या उत्सर्जनातला आपला वाटा सुरुवातीपासूनच धरला. लंडन तो वाटा सोयीने बाजूला ठेवत आलं आणि कर्ब-अंदाजपत्रकात (ठरावीक काळातल्या उत्सर्जनाच्या मर्यादेत) तो धरण्याचा निर्णय त्याने थेट २०२१ साली केला. बारा वर्षं एक प्रांत तो हिशेब मांडत होता, तेव्हा तो मांडताच येत नाही असं म्हणायची सोय लंडनला उरली नाही.

वेल्सची आणखी एक गोष्ट माझ्या मते या सगळ्यांत जास्त महत्त्वाची आहे आणि तिची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. १९९८च्या मूळ कायद्यातच वेल्सच्या विधानसभेवर शाश्वत विकासाचं बंधन घातलं होतं. २०१५ मध्ये तिने भावी पिढ्यांच्या हिताचा कायदा केला: सार्वजनिक संस्थांनी प्रत्येक मोठा निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांचं हित तपासावं आणि त्यावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र आयुक्त असावा. असे कायदे बऱ्याचदा कपाटाची शोभा ठरतात. हा कायदा न्यूपोर्टजवळच्या एका रस्त्यावर कसाला लागला. एम-४ हा दक्षिण वेल्सचा मुख्य महामार्ग न्यूपोर्टला बोगद्यांपाशी तुंबतो. त्याला वळसा घालणारा सुमारे १४ मैलांचा नवा रस्ता दशकानुदशकं चर्चेत होता, उद्योगांना तो हवा होता, खर्च एक अब्ज पौंडांच्या वर होता आणि सार्वजनिक चौकशीच्या अधिकाऱ्याने त्याच्या बाजूने अहवालही दिला होता. तो जाणार होता ग्वेंटच्या पाणथळ, दुर्मीळ जीवसृष्टीच्या सखल भूमीतून. ४ जून २०१९ रोजी फर्स्ट मिनिस्टर मार्क ड्रेकफर्ड यांनी तो नाकारला. पैशाचं कारण त्यांनी दिलंच, पण पैसा असता तरी पर्यावरणाच्या हानीमुळे आपण नकारच दिला असता, हेही लेखी नोंदवलं. पुढे २०२१ मध्ये वेल्सने नव्या रस्त्यांची कामं थोपवून त्यांची फेरतपासणी केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांपैकी बहुतेक योजना रद्द केल्या किंवा बदलल्या. रस्त्याला नकार देणं किती अवघड असतं, हे ज्याने कोणत्याही तालुक्याच्या गावातलं राजकारण पाहिलं आहे त्याला सांगावं लागू नये. ‘नेट झिरो’चा आकडा सभागृहात टाळ्यांत मंजूर होतो, रस्ता रद्द करताना मात्र समोर मतदारसंघ, ठेकेदार आणि रोज तासभर कोंडीत अडकणारे लोक उभे असतात. वेल्सने दुसऱ्या प्रकारचा निर्णय घेतला, म्हणून तिथलं पुढारपण मला अस्सल वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा: एवढ्याशा प्रांताने उत्सर्जन शून्यावर आणलं तरी पृथ्वीच्या तापमानात फरक तो काय पडणार? गणित म्हणून हे खरं आहे. पण हेच गणित ब्रिटनलाही लागू होतं, कारण जगाच्या आजच्या उत्सर्जनात त्याचा वाटा सुमारे एक टक्का आहे. मग ते प्रत्येक छोट्या देशाला लागू होतं आणि अखेरीस जगातल्या उत्सर्जनाचा मोठा हिस्सा ‘आमचा वाटा नगण्य’ म्हणणाऱ्यांच्या खात्यावर जमा होतो. शिवाय प्रांताचा प्रभाव टनांतच मोजायचा कशाला? २०२१ मध्ये ग्लासगोला हवामान परिषद भरली. हवामानबदलाने उद्ध्वस्त झालेल्या गरीब देशांच्या भरपाईला श्रीमंत देश हातही लावायला तयार नव्हते; एकदा पैसे दिले तर दायित्व मान्य केल्यासारखं होईल, ही त्यांची भीती. तिथे स्कॉटलंडच्या सरकारने या कारणासाठी २० लाख पौंड जाहीर केले. विकसित जगातल्या कोणत्याही सरकारने नुकसानभरपाईसाठी दिलेले हे पहिले पैसे मानले जातात. परिषदेत स्कॉटलंड हा वाटाघाटीतला पक्षही नव्हता, यजमान देश युनायटेड किंग्डम होता. रक्कम एखाद्या पुलाच्या डागडुजीएवढी असेल. पण पुढच्या वर्षी डेन्मार्कने निधी दिला आणि त्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत अशा निधीचा ठराव झाला. हे सगळं स्कॉटलंडमुळे झालं असा दावा मी करणार नाही. बेटांच्या देशांनी त्यासाठी तीस वर्षं झगडा केला होता. इतकंच, की पैसे दिले म्हणून आकाश कोसळत नाही हे तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रांतांना प्रयोगशाळा म्हणता, पण प्रयोग फसला तर? उत्तर आयर्लंडमध्ये तो फसला आणि सरकार घेऊन बुडाला. २०१२च्या नोव्हेंबरात तिथे नवीकरणीय उष्णतेसाठी प्रोत्साहन योजना सुरू झाली. व्यावसायिकांनी तेलाऐवजी लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवायचे आणि तयार झालेल्या प्रत्येक युनिट उष्णतेमागे सरकारने वीस वर्षं पैसे द्यायचे. हीच योजना इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एक वर्ष आधी सुरू झाली होती आणि तिथे एक साधी खुंटी मारलेली होती: वर्षात १,३१४ तासांइतका वापर झाला, की पुढच्या उष्णतेचा दर एकदम खाली यायचा. उत्तर आयर्लंडने योजना उचलली आणि खुंटी सोडून दिली. परिणाम असा, की एका पौंडाच्या गोळ्या जाळल्या की सुमारे १ पौंड ६० पेन्स मिळू लागले. जितकं जाळाल तितकी कमाई. रिकामी शेडं तापवली जात असल्याच्या तक्रारी आल्या. एका महिलेने अधिकाऱ्यांना वेळीच सावध केलं, पण तिचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. पैसा लंडनच्या तिजोरीतून येणार, असा समज खात्यात होता. २०१६ मध्ये योजना नव्या अर्जांसाठी बंद झाली तेव्हा वीस वर्षांत सुमारे ४९ कोटी पौंड जादा जातील असा अंदाज पुढे आला. जानेवारी २०१७ मध्ये डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, दोन समाजांच्या भागीदारीवर उभं असलेलं सरकार पडलं आणि इतर वादांची भर पडून तीन वर्षं ते उभं राहिलं नाही. सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. त्यात सर्वदूर भ्रष्टाचारापेक्षा दुर्लक्ष, अपुरं मनुष्यबळ आणि न वाचलेले कागद यांचंच चित्र उमटलं. मला यातून दोन गोष्टी दिसतात. छोट्या सरकारकडे अधिकार असतो, पण तो पेलणारे अर्थतज्ज्ञ आणि ऊर्जातज्ज्ञ पुरेसे नसतात. पुढारपणाची भाषा करणाऱ्यांनी आधी हे खातं भरावं. दुसरं असं, की नुकसान १९ लाख लोकांच्या प्रांतापुरतं राहिलं. हीच चूक लंडनने पावणेसात कोटी लोकांसाठी केली असती, तर तुलनेला शेजारची शहाणी योजनाही उरली नसती. मोठ्या सरकारकडून चुका होतच नाहीत, असं गृहीत धरलं तरच हा आक्षेप प्रांतांविरुद्ध जातो.

तिसरा आक्षेप बाजाराचा. प्रत्येक प्रांताचे नियम निराळे झाले तर एकाच देशात माल विकायचा कसा? ब्रिटनने २०२० मध्ये अंतर्गत बाजाराचा कायदा करून हा आक्षेप प्रांतांच्या गळ्याभोवती बांधला: एका भागात विकता येणारी वस्तू साधारणपणे दुसऱ्याही भागात विकता आली पाहिजे. स्कॉटलंडने बाटल्या-डब्यांवर अनामत रक्कम घेऊन त्या परत गोळा करण्याची योजना आखली, तेव्हा मे २०२३ मध्ये लंडनने काच वगळण्याची अट घातली आणि पुढच्या महिन्यात ती योजना पुढे ढकलावी लागली. कंपन्यांची अडचण खोटी नव्हती आणि स्कॉटलंडची तयारीही कच्ची होती. तरीही वेल्सच्या पिशव्यांचा नियम आठवावा. २०११ साली अंतर्गत बाजाराचा हा कायदा असता, तर अशाच एखाद्या हरकतीवर तो अडकून पडण्याची शक्यता दाट होती. एकसारखा बाजार हवा, पण एकसारखेपणाची अट पहिल्या दिवशीच घातली तर पहिलं पाऊल कोणीच टाकणार नाही.

आणि अधिकार संपतो तिथे काय होतं? वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्याने ते दाखवलं. वेल्समध्ये सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारं ठिकाण हेच होतं आणि २००७ पासून मालकी टाटा स्टीलची. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडन सरकार आणि टाटा यांच्यात करार झाला: ५० कोटी पौंडांची मदत घेऊन कोळशावरच्या भट्ट्या बंद करायच्या आणि भंगारापासून पोलाद करणारी विजेची भट्टी उभारायची. २,८०० पर्यंत नोकऱ्या जाणार होत्या. वेल्सच्या सरकारकडे ना एवढा पैसा, ना उद्योगधोरणाचा लगाम. मे २०२४ मध्ये तिथले तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर वॉन गेदिंग मुंबईला येऊन कंपनीच्या प्रमुखांना भेटले आणि सक्तीची कपात टाळण्याची विनंती करून परतले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटची झोतभट्टी विझली. योगायोगाने त्याच दिवशी इंग्लंडमधल्या रॅटक्लिफ इथलं ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्रही बंद झालं. आणि त्याच महिन्यात ओडिशातल्या कलिंगनगरला टाटा स्टीलची भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू झाली. दोन्हींचा थेट संबंध जोडता येणार नाही, भारताची पोलादाची गरज वेगळी आहे. पण वेल्सच्या खात्यावर जी मोठी घट दिसेल तिचं श्रेय वेल्सच्या धोरणाला देणं हे खोटं ठरेल. स्कॉटलंडचंही तसंच आहे. १९९० ते २०२२ या काळात तिथलं उत्सर्जन निम्म्यावर आलं, पण त्यात २४ मार्च २०१६ रोजी बंद झालेल्या लाँगॅनेटच्या २,४०० मेगावॉटच्या कोळसा केंद्राचा वाटा मोठा. ते बंद झालं पारेषणाच्या महाग दरांनी आणि लंडनने लावलेल्या कर्बमूल्याने. एडिंबराने त्यासाठी काही विशेष केलेलं नव्हतं.

आता ७५ टक्क्यांकडे परत येऊ. चारही भागांना सल्ला देणारी एकच स्वतंत्र हवामान समिती ब्रिटनमध्ये आहे, ही तिथल्या व्यवस्थेतली फार चांगली सोय. २०१९ मध्ये या समितीने स्कॉटलंडला २०४५ पर्यंत ‘नेट झिरो’ आणि २०३० साठी ७० टक्के असा सल्ला दिला होता. संसदेत पक्षांची चढाओढ लागली आणि ७०चे ७५ झाले. त्या पाच टक्क्यांमागे कोणतीही योजना नव्हती. लाँगॅनेट बंद झाल्यावर उरलेलं उत्सर्जन घरं, गाड्या, शेती आणि जमीन यांतलं होतं. दहा लाख घरांत वायूऐवजी स्वच्छ उष्णता न्यायची होती, पण विजेचा दर वायूच्या कित्येक पट राहिला आणि तो बदलणं लंडनच्या हातात होतं. सरकारचे समर्थक इथेच थांबतात आणि दोष लंडनवर टाकतात. तो अर्धाच खरा आहे. दलदलीच्या पीट जमिनींची दुरुस्ती, झाडांची लागवड, मोटारींची धाव २० टक्क्यांनी कमी करण्याचं वचन, शेतीच्या अनुदानाची नवी रचना: हे सगळं एडिंबराच्याच अधिकारातलं होतं आणि तेही मागेच पडलं. पहिल्या बारा वार्षिक उद्दिष्टांपैकी आठ चुकली. मार्च २०२४ मध्ये समितीने २०३०चं उद्दिष्ट आता आवाक्याबाहेर गेल्याचं स्पष्ट सांगितलं, तेव्हाच मॅकॅलन यांच्या निवेदनाचा मसुदा ठरून गेला होता. मोठ्या आकड्याचे समर्थक म्हणतात, उद्दिष्ट चुकलं तरी ते नसतं तर एवढंही झालं नसतं. वार्षिक उद्दिष्टामुळे मंत्र्याला दरवर्षी संसदेत उत्तर द्यावं लागलं, हे मी मान्य करतो आणि सत्य उघड झालं तेही त्यामुळेच. पण वारंवार चुकणारं उद्दिष्ट लोकांना चुकण्याचीच सवय लावतं. उत्तर आयर्लंडचा २०२२चा कायदा इथे ताडून पाहण्यासारखा आहे. गाईगुरांवर चालणाऱ्या त्या प्रांताला समितीने २०५० साठी ८२ टक्के पुरेसे सांगितले होते, एका गटाला पूर्ण शून्य हवं होतं. अखेर २०५० पर्यंत ‘नेट झिरो’ लिहिलं गेलं, पण मिथेनमध्ये ४६ टक्क्यांहून अधिक कपातीची सक्ती नाही असंही त्याच कायद्यात नमूद झालं. तडजोड कुरूप आहे आणि गणितही ताणलेलं आहे. तरी भांडण नेमकं कशावर आहे हे कायद्याच्या कलमातच दिसतं. स्कॉटलंडच्या ७५ टक्क्यांत ते कुठेच दिसत नव्हतं.

स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२४ मध्ये वार्षिक उद्दिष्टं काढून पाच-पाच वर्षांच्या कर्ब-अंदाजपत्रकांचा कायदा केला. २०४५ तसंच ठेवलं. आपल्याकडे राज्यांच्या हवामान आराखड्यांवर चर्चा होते तेव्हा मला विचारावासा वाटतो तो प्रश्न याच धाटणीचा आहे: या पानावरच्या कोणत्या कामाची सही मंत्रालयात होते? कोळशाचे खाणपट्टे आणि मोटारींचे इंजिन-दर्जे दिल्लीचे आहेत. पण शेतीपंपाची वीज, महावितरण, गायरान जमिनी, बांधकामाचे नियम, एसटीच्या गाड्या राज्याच्या आहेत. २०१७ साली महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. पंपापंपावर पॅनल बसवण्याऐवजी उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची अख्खी वाहिनी त्यावर चालवायची, म्हणजे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावं लागणार नाही, ही तिची कल्पना. पुढे केंद्राच्या कुसुम योजनेतही अशा वाहिन्यांचं सौरीकरण आलं. जमिनी मिळणं, ठेकेदारांची देयकं, तारांची क्षमता अशा शंभर गोष्टींत ती योजना रखडलीही आहे, पण रखडलेल्या यातल्या बहुतेक गोष्टी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महावितरणच्या उपविभागात सुटण्यासारख्या आहेत.